प्रेझंट की प्रिझेंट?

माझी भाची यंदा अकरावीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. परवा रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, "मामा, प्रेझेंट म्हणजे हजर, प्रेझेंट म्हणजे गिफ्ट, प्रेझेंट म्हणजे सादर करणं आणि वर परत प्रेझेंट टेन्स आहेच, मग हा एक शब्द आहे की चार? आणि आमच्या मॅडम कधी प्रेझंट म्हणतात कधी प्रिझेंट, त्यातलं बरोबर कुठलं?" मी फोनवर पंधरा मिनिटं समजावलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली आता हे लिहून पाठव. तर घे बाई.

आधी मॅडमची बाजू घेतो. मॅडम दोन्ही वेळा बरोबर आहेत. नाम किंवा विशेषण असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, आणि मग मागचं अक्षर अर्धवट गिळलं जातं म्हणून ते आपल्याला प्रेझंट ऐकू येतं. क्रियापद असेल तर जोर मागे सरकतो आणि पुढचं अक्षर बारीक होतं, म्हणून प्रिझेंट. म्हणजे वर्गात हात वर करून म्हणायचं ते प्रेझंट, वाढदिवसाला मिळतं ते प्रेझंट, आणि प्रोजेक्ट करायचा तो प्रिझेंट. स्पेलिंग तिन्हीकडे तेच, त्यामुळे कागदावर बघून काही कळत नाही, कानानेच पकडावं लागतं. आपण पडलो मराठी, आपल्याकडे अक्षरावर जोर दिल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, फार तर समोरच्याला कळतं की आपण चिडलोय. त्यामुळे आपण सगळीकडे एकच सपाट 'प्रेझेंट' म्हणतो, आणि मराठी बोलताना तेच म्हणावं, मराठी वाक्यात मधेच प्रिझेंट करणारे लोक मला जरा अतीच वाटतात.

ही जोर सरकवायची गंमत या एकाच शब्दात नाही. रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, परमिट, प्रोजेक्ट, कंडक्ट, ही सगळी त्याच घरातली मंडळी, नाम असताना जोर पुढे, क्रियापद असताना मागे. परफेक्टचं तर हुबेहूब प्रेझेंटसारखं आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे, आणि व्याकरणात परफेक्ट टेन्सला नुसतं 'द परफेक्ट' म्हटलं की नामसुद्धा. पण सगळीकडे हा नियम लावायला जाऊ नकोस कारण रिपोर्ट, सपोर्ट, रिस्पेक्ट हे नामही असतात आणि क्रियापदही, तरी जोर जागचा हलत नाही. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही पद्धत फार जुनी नाही. 1570 साली इंग्लंडात छापलेल्या एका शब्दकोशात अशा जोड्या फक्त तीन सापडतात, रेबेल, आउटलॉ आणि रेकॉर्ड. मग वाढत वाढत विसाव्या शतकापर्यंत दीडशेच्या आसपास गेल्या. म्हणजे कोणी नियम बसवला आणि लोकांनी पाळला असं नाही, लोक बोलत गेले आणि एकाचं बघून दुसरा शब्द त्या रांगेत येऊन उभा राहिला.

आता विशेषणाचं जरा नीट वाच कारण इथे भलेभले घसरतात. प्रेझेंट नामाच्या आधी आला की अर्थ 'सध्याचा', आणि नामाच्या नंतर आला की 'हजर असलेला'. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्या जे सभासद आहेत ते, मग ते मीटिंगला आलेले असोत नाहीतर घरी टीव्ही बघत बसलेले असोत. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे खुर्चीत बसलेले. आमच्या सोसायटीच्या मिनिट्समध्ये एकदा 'ऑल प्रेझेंट मेंबर्स ॲग्रीड' असं लिहिलं गेलं, म्हणायचं होतं की हजर असलेल्या बावीस जणांनी होकार दिला, पण इंग्रजीत त्याचा अर्थ झाला आजच्या तारखेला असलेले सगळेच सभासद तयार आहेत, आणि जे आलेच नव्हते त्यातल्या एका काकांनी पुढच्या मीटिंगला बरोब्बर तेवढंच वाक्य धरून दीड तास खाल्ला. राज्यघटनेचं 368 वं कलम उघडून बघ, घटनादुरुस्तीला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताबद्दल तिथे 'मेंबर्स... प्रेझेंट अँड व्होटिंग' असंच म्हटलंय, प्रेझेंट नंतर. कायदा लिहिणाऱ्यांना शब्द कुठे ठेवायचा ते पक्कं माहीत होतं, आमच्या सेक्रेटरींना नव्हतं (तेव्हा सेक्रेटरी मीच होतो).

आता एक शब्द की चार? एकच. मूळ लॅटिन, 'प्रे' म्हणजे पुढे आणि 'सेन्स' म्हणजे असणारा, थोडक्यात पुढ्यात असलेला. हा सेन्स आणि आपला संस्कृतातला 'सत्' म्हणजे असणारा, हे सख्खे भाऊबंद, अस्ति वाला अस् धातू आहे ना, त्याचंच लॅटिनातलं भावंड. आणि त्याच सत् वरून आपला 'संत' आलाय. म्हणजे प्रेझेंटमध्येही एक संत बसलाय आणि ॲबसेंटमध्येही, फक्त ॲबसेंटमधला लांब जाऊन बसलाय कारण 'ॲब' म्हणजे दूर. बरं, यावरून इंग्रजी सेंट म्हणजेच आपला संत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, तो वेगळ्या लॅटिन शब्दावरून आलाय, 'सँक्टस' म्हणजे पवित्र. दिसायला जुळे, नातं काही नाही.

पुढ्यात असलेला हे एकदा धरलं की बाकीचं आपोआप उलगडतं. माणूस पुढ्यात असेल तर हजर. काळ पुढ्यात असेल तर वर्तमान. आणि एखादी गोष्ट कोणाच्या पुढ्यात नेऊन ठेवली तर ते क्रियापद, प्रिझेंट. गिफ्टचा अर्थही तिथूनच आला, जुन्या फ्रेंचमध्ये एखादी वस्तू कोणाच्या 'समोर ठेवणे' असा वाक्प्रचार होता, म्हणजे देऊन टाकणे, आणि होता होता त्या वस्तूलाच प्रेझेंट म्हणायला लागले. तो गुड मॉर्निंगवाला फॉरवर्ड असतो बघ, आजचा दिवस ही देणगी आहे म्हणून तर त्याला प्रेझेंट म्हणतात, तो त्यामुळे पूर्ण चूक नाही पण उलटा आहे. काळाला ते नाव देणगीवरून पडलेलं नाही, दोघंही पुढ्यात असण्यावरून आलेत. एनसीसीत गेलीस तर 'सलामी शस्त्र' ही ऑर्डर ऐकशील, तिचं इंग्रजी 'प्रेझेंट आर्म्स', तिथेही बंदूक अंगासमोर उभी धरायची. आणि डॉक्टर लोक म्हणतात पेशंट अमुक लक्षणांनी 'प्रेझेंट' झाला, म्हणजे ती लक्षणं घेऊन समोर आला.

हे फक्त इंग्रजांनाच सुचलं असं समजू नकोस. फारसीत 'पेश' म्हणजे पुढे, त्यावरून पेश करणं, त्यावरून पेशकश, आणि सगळ्यांच्या पुढे असणारा तो पेशवा. अरबीतून आलेल्या हजर या शब्दाचा भाऊ हुजूर, म्हणजे खरंतर 'हजेरी, समोर असणं', पण मोठ्या माणसासमोर उभं राहून बोलायचं म्हणून त्या माणसालाच हुजूर म्हणायला लागले. हजर तो वजीर ही म्हण तुला माहीतच आहे. आणि 'प्रस्तुत' बघ, प्रस्तुत लेखक म्हणजे हा समोरचा लेखक, आणि नाटकाच्या जाहिरातीत अमुक प्रस्तुत म्हणजे अमुकने आणलेलं, एकाच शब्दात विशेषणही आणि प्रेझेंटेडही. हा दुसरा अर्थ हिंदीच्या नादाने जास्त पसरला असावा, मला स्वतःला 'सादर' आवडतं, स अधिक आदर, नुसतं समोर ठेवणं नाही तर आदराने ठेवणं. सरकारी फायलीत 'मान्यतेस्तव सादर' लिहितात त्यात आदर कितपत असतो तो भाग वेगळा.

राहता राहिलं मराठीतलं प्रेझेंट. इंग्रजी जे काम जोर सरकवून करतं ते आपण बरोबरच्या क्रियापदाकडून करून घेतो. प्रेझेंट दिलं म्हटलं की गिफ्ट, प्रेझेंट केलं म्हटलं की सादर, प्रेझेंट होता म्हटलं की हजर, कुठे गोंधळ झालाय का कधी? आणि वर आपण 'प्रेझेंटी' काढली, हजर वरून हजेरी तशी प्रेझेंट वरून प्रेझेंटी, जी हजेरी या अर्थाने इंग्रजी डिक्शनरीत शोधलीस तर मिळायची नाही. फक्त हजेरीची सर तिला नाही. सरांनी प्रेझेंटी घेतली म्हणजे नावं पुकारली एवढंच, सरांनी हजेरी घेतली म्हणजे झापलं असंही होऊ शकतं, आणि पावसाने तर पेपरात कायम हजेरीच लावायची असते, प्रेझेंटी लावलेला पाऊस मी अजून वाचला नाही.

हे सगळं लिहून पाठवल्यावर दोन मिनिटात रिप्लाय आला, एवढं मोठं कोण वाचणार, आणि त्याखाली, 'प्रेझेंटली' म्हणजे सध्याच ना? तर हो आणि नाही. आपण बायोडेटात 'प्रेझेंटली वर्किंग' लिहितो तेव्हा सध्याच, अमेरिकेतही तसं चालतं, पण ब्रिटिश वळणाचा माणूस 'आय विल कम प्रेझेंटली' म्हणाला तर तो येतोय असं समजून चहा टाकू नकोस, तो थोड्या वेळाने येणार आहे.