लाल दिव्यावर डावीकडे वळल्याचं चलन: भरायचं की लढायचं?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला आला होता. मुंबई नाक्याकडून सीबीएसकडे जाताना एका सिग्नलला त्याने माझी कार पूर्ण थांबवली, कोणी येत नाही हे बघितलं आणि लाल दिवा असतानाच डावीकडे वळवली. आठवड्याने माझ्या मोबाइलवर ५०० रुपयांचं ई-चलन आलं. लेफ्ट फ्री असतो ना? आणि गाडी मुलाने चालवली, तर चलन माझ्या नावावर कसं?

उत्तर : मुलाने तिकडची सवय इकडे आणली, फक्त बाजू बदलून. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळायची सर्वसाधारण मुभा असते. १९७५ च्या तिथल्या ऊर्जा बचतीच्या कायद्यामुळे ही पद्धत देशभर पसरली. रिकाम्या चौकात इंधन जाळत उभं राहू नये, हा विचार त्यामागे होता. तरीही मनाईची पाटी असेल तिथे वळता येत नाही, आणि न्यूयॉर्क शहरात नियम उलटा आहे: पाटी परवानगी देत असेल तरच वळायचं.

आपल्या कायद्यात अशी सरसकट मुभा नाही. ‘लेफ्ट फ्री असतो’ हे आपण एकमेकांना सांगत आलो एवढंच. लाल दिवा म्हणजे तिन्ही दिशांना जाणाऱ्यांनी स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं. डावीकडे हिरवा बाण लागला असेल, फ्री लेफ्टची पाटी असेल, वाहतूक पोलीस हाताने जायला सांगत असेल किंवा सिग्नलच्या आधीच दुभाजकाने वेगळी काढलेली डावी लेन असेल, तरच जाता येतं. तेव्हाही रस्ता ओलांडणारा माणूस आधी. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, हा बचाव होत नाही. उजवीकडे वळण्याबाबत तर शंकाच नको: लाल दिव्यावर नाहीच, आणि हिरव्यावरही समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं.

आता पैसे भरण्याआधी चलनावरचा फोटो मोठा करून बघा. दंड भरला की गुन्हा तडजोडीने मिटतो आणि तक्रारीला अर्थ उरत नाही. म्हणून आधी भरून मग भांडणं हा क्रम चुकीचा. फोटोत तुमच्या लेनचा दिवा लाल दिसतो का, पुढची चाकं स्टॉप लाइनच्या पलीकडे आहेत का, नंबर तुमचाच आहे का आणि तारीख-वेळ जुळते का, हे तपासा. कॅमेऱ्यावरून चलन असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ नुसार सूचना १५ दिवसांत निघायला हवी. तुमची आठवड्यात आली, त्यामुळे तो मुद्दा मिळणार नाही.

मग त्याच चौकात जा. पाटी, बाण, पुसलेला पट्टा, दिव्यावर आलेली फांदी, जे असेल त्याचे फोटो घ्या. लांबवू नका. सिंहस्थाच्या कामांत रस्ता उकरला गेला की पट्टा जातो, खांबही हलतो आणि पुरावा तिथेच संपतो. काही ठोस सापडलं तर महाट्रॅफिक ॲपवर त्या चलनाविरुद्ध फोटोंसह तक्रार नोंदवा. ती फेटाळली गेली तर न्यायालयात बाजू मांडता येते. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे तडजोड होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

पाटी नाही, बाण नाही, फोटो स्वच्छ आहे? मग ५०० रुपये भरून मोकळे व्हा. चलनावर मोटार वाहन कायद्याचं कोणतं कलम लावलंय, ते मात्र वाचा. ११९ सह १७७ असेल तर पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा झाल्यास १,५०० रुपये. कलम १८४ लावलं असेल तर प्रकरण वेगळं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, पहिल्या गुन्ह्याला दंडच १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत जातो, कैदेचीही तरतूद आहे आणि परवाना निलंबनासाठी पाठवता येतो. १८४ दिसलं तर वकील गाठा.

नाव तुमचं, कारण कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते आणि नोंदणी तुमच्या नावे आहे. कलम १३३ प्रमाणे विचारणा झाल्यास चालकाचं नाव आणि परवान्याची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. इथेच जरा थांबा. मुलाचा भारतीय परवाना चालू आहे का? संपला असेल, तर अमेरिकन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय चालक परवाना होता का? दोन्ही नसेल, तर ‘चालक मुलगा होता’ असं लिहून देताच कलम १८१ खाली त्याला ५,००० रुपयांपर्यंत आणि कलम १८० खाली, परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून, तुम्हालाही तेवढाच दंड होऊ शकतो. ५०० रुपयांसाठी तक्रार लिहायला बसण्याआधी त्याला व्हॉट्सॲपवर परवान्याचा फोटो मागवा. खोटं नाव मात्र देऊ नका, तो वेगळाच गुन्हा होतो.