वाचकांचे प्रश्न : वेशीवरच्या शिळा, समाध्या आणि थडगी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मृतांच्या स्मारकांविषयीची आहेत. ती निरनिराळ्या तालुक्यांतून आली असली तरी एकमेकांना धरून आहेत, म्हणून सर्वांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या वेशीजवळ वडाखाली कमरेएवढ्या उंचीची एक कोरीव शिळा आहे. तळाशी गाई आहेत, त्यांच्या वर माणसे लढताना दिसतात. बायका अमावास्येला तिला तेल-शेंदूर लावतात. आता रस्ता रुंद होणार असल्याने ती हलवण्याचे चालले आहे. पण खाली कोणाला तरी पुरले आहे, त्याला धक्का लागला तर गावावर संकट येईल, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हे थडगे आहे काय? (एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ही शिळा वीरगळ आहे, आणि वीरगळ हे सहसा थडगे नसते. ज्याच्यासाठी तो उभा केला त्या वीराचे बहुधा दहनच झालेले असते, त्यामुळे शिळेच्या खाली हाडे सापडतील अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. तरीही वडीलधाऱ्या मंडळींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ही शिळा एका माणसाच्या मरणाशी बांधलेली आहे एवढे गावाने विस्मृतीतही जपून ठेवले आहे, आणि ते खरेच आहे.

वीरगळ हा शब्दच आपल्या सीमाभागाचा इतिहास सांगतो. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’, आणि तोच मराठीत वीरगळ झाला. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत मराठी माणूस हा शब्द वापरतो आणि त्यात कन्नड दगड आहे हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

ही शिळा खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत मृत्यूचे कारण असते. आपल्या शिळेवर तिथे गाई आहेत, म्हणजे गावाचे गोधन पळवणाऱ्या टोळीशी झुंजताना हा माणूस पडला. अशा चढाईला कन्नड शिलालेखांत ‘तुरुगोळ’ म्हणतात. त्या काळी गोधन हीच गावाची संपत्ती असल्याने तिच्यासाठी जीव देणाऱ्याचे गावाने असे ऋण मानले. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि त्याच्याही वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. तळाचे कारण बदलते, वरचा क्रम मात्र फारसा बदलत नाही. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर गाईंच्या जागी वल्ही मारणारी जहाजे आहेत, कारण तिथले वीर समुद्रावरच्या लढाईत पडले. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडलेली आणि आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात असलेली शिळा तर एका शिकारी कुत्र्याची आहे. दहाव्या शतकाच्या मध्यावर, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात कोरलेल्या त्या लेखात काळी नावाचा कुत्रा रानडुकराशी झुंजताना कसा मेला हे लिहिलेले आहे आणि वर दोघांची झुंज कोरलेली आहे. त्या काळातल्या असंख्य माणसांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत, पण या कुत्र्याचे नाव आपण उच्चारू शकतो.

आपल्या शिळेच्या आसपास आणखी एखादा दगड आहे का, ते अवश्य पाहा. कोपरात दुमडून वर उचललेला, बांगड्यांनी भरलेला हात त्यावर असेल तर तो सतीचा दगड होय. कन्नडमध्ये त्याला महासतीवरून ‘मास्तिकल्लु’ म्हणतात. बांगड्या न फुटलेल्या, म्हणजे ती सौभाग्यातच गेली, असे तो हात सांगतो. वीरगळाशेजारी असा हात दिसला की मला नेहमी थबकायला होते. लढणाऱ्याचे निदान सगळे शरीर कोरलेले असते. तिचा पुष्कळदा केवळ हात उरलेला असतो. सतीप्रथेविरुद्ध 1829 मध्ये बंगाल प्रांतात कायदा झाला आणि सतीचे उदात्तीकरण करणे 1987 च्या कायद्याने गुन्हा ठरले. तो दगड जपावा, त्याची जत्रा भरवू नये.

लढाईऐवजी समोरासमोर बसलेल्या दोन आकृती, मध्ये ग्रंथ ठेवण्याची ठवणी आणि वर जिनमूर्ती असेल, तर ती जैन निषिधी होय. अन्नत्याग करून सल्लेखना व्रताने देह ठेवणाऱ्याचे ते स्मारक आहे. बेळगावच्या किल्ल्यात 1204 मध्ये कमल बसदी हे जैन मंदिर उभे राहिले त्या रट्ट घराण्याच्या राजवटीत जैन धर्म या भागात जोमात होता, त्यामुळे आपल्याकडे वीरगळ आणि निषिधी यांची गल्लत पुष्कळदा होते.

आता रस्त्याविषयी. शिळा हलवणे अटळच असेल तर ती उपटण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, तोंड कोणत्या दिशेला होते आणि वेशीपासून किती पावलांवर होती हे लिहून ठेवावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे. छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात घ्यावे. एकदा एका गावात भर दुपारी मला शिळेवर नुसते खडबडीत दगड दिसले होते. संध्याकाळी परत गेलो, शिळेवर तांब्याभर पाणी ओतले, तेव्हा एका घोड्याचा लगाम आणि त्यावरची तीन बोटे स्पष्ट उमटली. शेंदराचे थर खरवडू नयेत, आणि सिमेंटचा चौथरा बांधून त्यात शिळेची तळची चौकट गाडू नये. गाई त्याच चौकटीत आहेत, आणि त्या गेल्या तर हा माणूस कशासाठी मेला हेच पुसले जाईल.

प्रश्न : राजासोबत त्याच्या नोकरांनाही पुरत असत, असे इजिप्तविषयी वाचले. हे खरे आहे काय? आपल्या भागात प्राचीन काळी मृतांना पुरत की जाळत? (पदवीचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : अगदी आरंभीच्या काळात खरे आहे. पहिल्या राजवंशातील जेर राजाच्या अबायडॉस येथील थडग्याभोवती 300हून अधिक दुय्यम थडगी सापडली आहेत. ही प्रथा लवकरच थांबली. पुढे सेवकांची जागा ‘उशब्ती’ नावाच्या हातभर किंवा वीतभर बाहुल्यांनी घेतली. परलोकातील शेतात कामाला बोलावणे आले की मालकाच्या वतीने ‘मी हजर आहे’ असे या बाहुलीने म्हणायचे, असा मंत्र तिच्या अंगावर लिहिलेला असे. 1922 मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशा 413 बाहुल्या निघाल्या. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना लागलेले मातीचे सैन्यही याच विचारातले आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : वीरगळ वाटसरूने पाहावा म्हणून उभा केलेला असतो, आणि या बाहुल्या, हे सैन्य कोणीही कधीही पाहू नये म्हणून गाडलेले होते. ती कला केवळ मृतासाठी होती.

आपल्या दख्खनमध्ये दहनापूर्वीचा पुरण्याचा इतिहास फार मोठा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तिथले ताम्रपाषाणयुगीन लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल गेले की दोन मातीचे रांजण आडवे ठेवून, तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत. आईच्या उदरासारखी ती जागा, असे काही अभ्यासकांना वाटते आणि मलाही ते पटते. प्रौढांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले आढळतात. बहुधा मेलेला माणूस चालत परत येऊ नये म्हणून. आपल्या माणसाला घरातच ठेवायचे आणि तो उठून येईल म्हणून भ्यायचेही, या दोन्ही भावना एकाच खड्ड्यात सापडतात. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष निघाला. त्याचे पाय तोडलेले नव्हते, आणि सोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली होती.

त्यानंतरच्या लोहयुगातील महापाषाणी दफने आपल्याला जवळची आहेत. घटप्रभेच्या खोऱ्यात गोकाकजवळ कोण्णूर येथे, तसेच बागलकोट जिल्ह्यात ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर मोठ्या शिळा उभ्या-आडव्या रचून केलेल्या कोठड्या आहेत. कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकलच्या डोंगरावर त्या शेकड्यांनी असून काहींच्या शिळेला गोल भोक पाडलेले आहे. मेगुतीला सहलीने जाणारे विद्यार्थी तिथल्या देवळावरचा 634 सालचा कवी रविकीर्तीचा शिलालेख पाहून परत फिरतात. देवळाच्या मागे चार पावले जावे, म्हणजे त्याच्याहून कितीतरी जुन्या या कोठड्या दिसतील.

प्रश्न : आमच्या शेजारचे लिंगायत आजोबा वारले तेव्हा त्यांना बसवून, सजवलेल्या विमानातून, म्हणजे पालखीसारख्या तिरडीतून नेले आणि त्यांच्याच शेतात पुरले. आमच्यात दहन होते. हा फरक का? (एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : लिंगायत माणसाला दीक्षेच्या वेळी इष्टलिंग, म्हणजे स्वतःचे छोटे लिंग मिळते आणि ते तो आयुष्यभर अंगावर धारण करतो. ज्या देहावर लिंग आहे तो देहच देवालय, मग ते देऊळ जाळायचे कसे, हा त्यामागचा विचार. म्हणून देहाला ध्यानाच्या आसनात बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि विभूती व बेलपत्रे घालून खड्डा भरतात. मृत्यूला ‘लिंगैक्य झाले’ असे म्हणतात, कारण तो शेवट मानलेलाच नाही. बसवण्णांचे ऐक्यस्थळ कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कुडलसंगम येथे आहे. धरणाचे पाणी चढल्यावर त्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधून ते जपले असून पायऱ्या उतरून खाली जावे लागते.

आपल्यातही सगळ्यांचे दहन होत नाही. संन्याशाला बसवून समाधी देतात, आणि नाथपंथी, गोसावी यांच्यात तीच रीत आहे. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या समाधीवर कोट्यवधी मराठी माणसे डोके टेकतात. तेव्हा शेजारची रीत आपल्याला अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : विजापूरच्या गोलघुमटात दिसते ती कबर खोटी आहे, असे वाटाड्याने सांगितले. हे कसे? (एक निवृत्त कर्मचारी, अथणी)

उत्तर : खोटी म्हणू नये, वरची म्हणावे. मुहम्मद आदिलशाह 1656 मध्ये वारला. त्याचा देह चौथऱ्याच्या थेट खाली तळघरात आहे, आणि वर दिसते ती त्याच जागेची खूण. देहाला शांतता मिळावी आणि येणाऱ्याला प्रार्थनेसाठी जागा असावी, या दोन्ही गरजा अशा रचनेने भागतात.

प्रश्न : वडिलांचे दहन आमच्या मळ्यात झाले. तिथे तुळशीवृंदावन बांधून त्यावर नाव कोरायचे आहे. मराठीत कोरावे की कन्नडमध्ये, यावरून घरात वाद आहे. दगड कोणता घ्यावा? (एक शेतकरी, चिकोडी तालुका)

उत्तर : दहनाच्या जागी वृंदावन बांधण्याची आपली रीत जुनी आणि सुंदर आहे. आपल्या भागातले बहुतेक वीरगळ निनावी आहेत. चित्र उरले, माणूस कोण ते हरवले. म्हणून नाव कोरण्याचा आपला विचार मला फार मोलाचा वाटतो. पूर्ण नाव, गाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे एवढे पुरे.

लिपीचा वाद मिटवणे आपल्या हाती आहे. वृंदावनाला चार बाजू असतात. वडील घरात मराठी बोलत असतील आणि बाजारात कन्नड, तर एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अक्षरे घ्यावीत. नातवंडे कोणत्या शाळेत शिकतील हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि आजोबांचे नाव त्यांना वाचता आलेच पाहिजे.

दगड काळा पाषाण घ्यावा. जांभा घडवायला सोपा असला तरी त्यात बारीक अक्षर टिकत नाही. चिकटवलेल्या संगमरवरी पाटीपेक्षा अखंड दगडात कोरलेले अक्षर बरे. कारागिराला अक्षरे खोल घ्यायला सांगावे आणि रंग भरू देऊ नये, कारण रंग उडाला की उथळ अक्षर दिसेनासे होते. नावाची मुख्य बाजू पूर्वेकडे ठेवावी. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षर लांबूनही वाचता येते.