सेफ्टीवाल्याच्या नावावर जोखीम खपते का?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची साठेक कामगारांची फाउंड्री (धातू ओतून सुटे भाग बनवायचा कारखाना) आहे. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ‘रिस्क मॅनेजर कोण?’ असं विचारलं. आम्ही सेफ्टी बघणाऱ्याचं नाव दिलं. चालेल ना?

कागदावर चालेल. पण सेफ्टीवाला कामगाराला इजा होऊ नये हे बघतो. रिस्क मॅनेजरला धंदा कशाने अडेल ते सगळं बघावं लागतं : निम्मी विक्री एकाच ग्राहकाला आहे का, येणी किती थकली, वीज, पूर, विमा.

सुरुवात नोंदवहीपासून. काय घडू शकतं, कशामुळे, आज बंदोबस्त काय, जबाबदार कोण, कधीपर्यंत. जबाबदाराच्या रकान्यात माणसाचं नाव हवं. ‘मेंटेनन्स विभाग’ लिहिलं की कुणीच जबाबदार नसतं. शक्यता आणि परिणाम यांना 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करतात. इथेच फसगत होते. रोजची किरकोळ अडचण 5×1 आणि क्वचितचा भट्टीचा स्फोट 1×5, दोन्हींचं उत्तर 5! म्हणून परिणाम 5 असलेल्या नोंदी गुणाकार न बघता वेगळ्या काढा.

विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीचंच घ्या. वीज गेली की कॉइलमधून (भट्टीभोवतीच्या तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून) फिरणारं थंड पाणी थांबतं, आत मेटल मात्र तापलेलंच. कॉइल फुटून पाणी मेटलखाली गेलं तर स्फोट. उपाय ठाऊक आहेत : विजेशिवाय पाणी चालू ठेवणारी उंचावरची टाकी किंवा डिझेल पंप. पंप चालवणं मेंटेनन्सचं काम. भट्टी रिकामी असताना महिन्यातून एकदा वीज तोडून तो खरंच सुरू होतो का, हे तपासायला लावणं आणि नोंद मागणं रिस्क मॅनेजरचं. सुरू झाला नाही, तर बहुतेक वेळा पंप शाबूत असतो, बॅटरी उतरलेली असते.

पुराचं तसंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, म्हणजे कारखाना कोरडा असला तरी गाडी निघत नाही. तयार कास्टिंग (ओतलेला माल) रवाना करायचं, पॅटर्न (साचे बनवायचे नमुने) वर चढवायचे, डिझेल भरायचं, हे 39 फुटांनाच. कुणाच्या शब्दावर, तेही आधीच लिहून ठेवा. 43 ची वाट बघत बसू नका.

विमा सगळ्यात दुर्लक्षित. 4 कोटींच्या मालमत्तेचा 2 कोटींचाच विमा असेल, तर 40 लाखांच्या नुकसानीला त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण 20 लाखच हाती येतात. लहान उद्योगांच्या प्रमाणित पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, त्याहून जास्त नाही. ग्राहकाचे पॅटर्न तुमच्या ताब्यात असले तरी मालकीचे नाहीत. पॉलिसीत त्यांचा उल्लेख आहे का, आजच बघा.

प्रश्न : वेगळा माणूस परवडत नाही. कुणाकडे द्यावं?

प्रॉडक्शन मॅनेजर सोडून कुणाकडेही. त्याच्या डोक्यावर टनांचं टार्गेट असतं. भट्टी थांबवा म्हणायची वेळ त्याच्यावर आणू नका. क्वालिटी किंवा अकाउंट्समधला जाणता माणूस चालेल. फक्त तो थेट मालकाला भेटू शकला पाहिजे, आणि तिमाहीत एकदा त्याची नोंदवही मालकाने स्वतः वाचली पाहिजे.