'व्हील' आणि 'चक्र' यांचं नातं

प्रश्न : इंग्रजीतला 'व्हील' आपल्या 'चक्र'वरून आला असं वाचलं. दोन्हींत एकही अक्षर जुळत नाही. मग हे खरं कसं मानायचं?

उत्तर : 'चक्र'वरून 'व्हील' आलेला नाही, ही दोन भावंडं आहेत : संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतल्या एकाच शब्दाची. अक्षर जुळत नाही हे तुम्ही टिपलंत याचा मला आनंद झाला, कारण व्युत्पत्तीत दिसण्याला किंमत नाही, नियमाला आहे.

'व्हील'च्या स्पेलिंगमधला 'एच' बघा. बहुतेकांच्या उच्चारातून तो गेला. जुन्या इंग्रजीत मात्र 'ह्वेओल' म्हणत, लिहितानाही 'ह' आधी. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल केली. हा 'ह' त्या पूर्वज भाषेतल्या मूळच्या 'क'चा. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, 'क'चा 'ह' होतो : शिंगाला लॅटिनमध्ये 'कोर्नू', इंग्रजीत 'हॉर्न', शंभराला 'केंतुम' आणि 'हंड्रेड'. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे ध्वनिबदल सूत्रबद्ध केले.

आता आपली बाजू. मूळ शब्द '*क्वेक्व्लोस' असा धरतात. तारांकन अशासाठी, की तो कुठे लिहिलेला मिळालेला नाही. वंशज शब्दांवरून मागे जात बांधलेला आहे. त्यात 'क' दोनदा येतो. पहिल्यापुढे 'ए' होता म्हणून संस्कृतात त्याचा 'च' झाला, मग त्या 'ए'चाही 'अ' झाला. दुसऱ्यापुढे 'ल', म्हणून तो 'क'च राहिला, आणि 'ल'चा 'र'. एकाच शब्दातल्या दोन 'क'च्या दोन वाटा, आणि दोन्हींना कारण आहे! इतकी वर्षं शिकवूनही फळ्यावर हे लिहिताना मला तितकंच नवल वाटतं.

ग्रीकमध्ये याच शब्दाचा 'कुक्लोस' झाला आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत 'सायकल' म्हणून पोचला. म्हणजे इंग्रजीकडे तो दोनदा आहे, एकदा वारशाने, एकदा उसना.

उलटं उदाहरणही तपासा. 'डे' आणि 'दिवस' सारखे दिसतात, पण नातं नाही. मूळ 'द'चा इंग्रजीत 'ट' होतो : 'द्वि' आणि 'टू', 'दश' आणि 'टेन'. म्हणून 'ड'ने सुरू होणारा 'डे' 'दिवस'चा नातलग ठरत नाही. 'दिवस' आणि 'देव' यांचा धातू एकच, प्रकाशाचा. त्याचं इंग्रजी आप्त हवं असेल तर 'ट्यूजडे' घ्या. तो वार टिव या जर्मानिक देवतेच्या नावाचा, आणि 'टिव' व 'देव' यांचं मूळ एक.