न फिरणारं रडार

प्रश्न: तिरुपतीजवळच्या गडंकीचं एमएसटी रडार (वरच्या हवेतले वारे मोजणारं) जमिनीवर फिक्स आहे म्हणतात, मग ते वेगवेगळ्या दिशांना कसं बघतं?

उत्तर: भारी प्रश्न! तिथे साधारण 130 मीटरच्या चौकोनात 1024 यागी (जुन्या टीव्ही अँटेनासारख्या) अँटेना आहेत, 53 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, आणि सगळी करामत फेजची, म्हणजे लाटांच्या चढउताराच्या वेळेची, आहे. सगळ्यांना एकाच वेळी सिग्नल दिला की बीम (लाटांचा झोत) सरळ वर जातो, पण रांगा साधारण 4 मीटरवर आहेत, त्यामुळे प्रत्येक पुढच्या रांगेला जेमतेम साडेचार नॅनोसेकंद उशीर दिला की लाटा 20 अंश तिरक्या दिशेत एकमेकींत मिळतात, बाकीकडे बऱ्यापैकी कटतात. अशा तीन-चार दिशांचा डॉप्लर (हलत्या हवेवरून परत येणाऱ्या लाटेच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) घेतला की वरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा, दोन्ही मिळतात. 5जी टॉवरचं बीमफॉर्मिंगही (सिग्नल हव्या त्या दिशेला वळवणं) ह्याच तत्त्वावर चालतं.