पाटी लावण्याआधी कागद

ब्रिटनमध्ये घर विकायला काढलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी इतके आले की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. एकाच तऱ्हेच्या प्रश्नांचे मिळून एक उत्तर केले आहे.

प्रश्न : २००९ मध्ये लेस्टरचे घर विकताना आम्हाला आधी 'होम इन्फर्मेशन पॅक', म्हणजे घराच्या कागदांचा ठरावीक संच, करून घ्यावा लागला होता. आता एडिंबरामधला फ्लॅट विकायचा आहे. इथला एजंट म्हणतो, होम रिपोर्ट (घराच्या स्थितीचा अहवाल) हातात आल्याशिवाय जाहिरात टाकता येणार नाही. लेस्टरला राहणारे दीर म्हणतात, ही सक्ती केव्हाच उठली. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही. दीर इंग्लंडचे सांगतात, एजंट स्कॉटलंडचे सांगतो, आणि घरांच्या बाबतीत या दोन ठिकाणचे कायदे पूर्ण वेगळे आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या हाउसिंग ॲक्टने ही सक्ती आणली. १ जून २००७ ची ठरलेली तारीख पुढे ढकलून १ ऑगस्ट २००७ ला चार व त्याहून अधिक बेडरूमच्या घरांपासून सुरुवात झाली. १० सप्टेंबरला तीन बेडरूमची घरे आली आणि १४ डिसेंबरला उरलेली सगळी. पॅक नसल्यास २०० पौंड दंड होता. मे २०१० मध्ये नव्या सरकारने सक्ती स्थगित केली आणि पुढे २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने ती कायद्यातूनच काढली. त्या पॅकमधले एकच पान आजही सक्तीचे आहे, ते म्हणजे घर ऊर्जा किती खाते हे सांगणारा ईपीसी दाखला.

पॅक का टिकला नाही, हे कळले की होम रिपोर्टचे मोल कळते. पॅकमध्ये मालकी हक्काचा उतारा, कौन्सिलच्या आणि पाणी-सांडपाण्याच्या नोंदींचा शोध, ईपीसी आणि विक्रीचे निवेदन असे कागद असायचे. घराची स्थिती सांगणारा अहवाल मूळ आराखड्यात होता, पण जुलै २००६ मध्येच तो ऐच्छिक करण्यात आला. म्हणजे छत गळते का, भिंतीला ओल आहे का, हे घेणाऱ्याला जे कळायला हवे असते तेच त्यात नव्हते. शिवाय घर सहा महिने पडून राहिले की कौन्सिलचा शोध शिळा व्हायचा आणि घेणाऱ्याचा सॉलिसिटर तो पुन्हा मागवायचा. एकाच कागदाचे पैसे दोनदा जात. आमच्या मते सक्तीची कल्पना चांगली होती, तिचा गाभा काढून घेतला हे वाईट झाले.

स्कॉटलंडने गाभा ठेवला. तिथे १ डिसेंबर २००८ पासून होम रिपोर्ट सक्तीचा आहे. त्यामागे तिथली विक्रीची रीत आहे. घर 'ऑफर्स ओव्हर' म्हणून अमुक रकमेच्या वर मागणी मागवत बाजारात येते, ठरलेल्या दिवशी बंद लिफाफ्यात बोली जातात आणि बोली लावण्याआधी सर्व्हे, म्हणजे घराची तपासणी, हवा असतो. पूर्वी पाच जण बोली लावणार असतील तर पाचही जण आपापल्या खर्चाने सर्व्हे करून घेत आणि त्यातल्या चौघांचे पैसे बुडत. आता विकणारा एकदाच सर्व्हे करतो आणि तोच सगळे वाचतात.

प्रश्न : होम रिपोर्टमध्ये नेमके काय असते? आमच्या रिपोर्टमध्ये ओलीसमोर 'कॅटेगरी ३' आले आहे. असा रिपोर्ट दाखवून घर विकले जाईल का, की आधी दुरुस्ती करून नवा काढावा?

उत्तर : होम रिपोर्टचे तीन भाग असतात. पहिला सिंगल सर्व्हे. तो आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेशी संलग्न सर्व्हेअर करतो आणि त्यातच घराची किंमतही लिहितो. दुसरा ऊर्जा अहवाल. तिसरी प्रॉपर्टी क्वेश्चनेअर, म्हणजे घराविषयीची प्रश्नावली, ती तुम्ही स्वतः भरायची. पहिल्यांदा बाजारात आणताना रिपोर्ट १२ आठवड्यांपेक्षा जुना चालत नाही. खऱ्या इच्छुकाने मागितल्यावर ९ दिवसांत त्याला प्रत द्यावी लागते. नियम मोडल्यास ५०० पौंड दंड होतो.

सर्व्हेमध्ये प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ असा आकडा मिळतो. १ म्हणजे लगेच काही करण्याची गरज नाही. २ म्हणजे पुढे लक्ष द्यावे लागेल, अंदाजपत्रक घेतलेले बरे. ३ म्हणजे दुरुस्ती आत्ताच हवी, नाहीतर दुखणे दुसऱ्या भागात पसरेल किंवा धोका होईल. ३ आले म्हणून घर विकता येत नाही असे मुळीच नाही. मात्र कर्ज देणारी बँक काही रक्कम दुरुस्ती होईपर्यंत अडकवून ठेवू शकते, आणि बोली लावणारा खर्चाचा अंदाज नेहमी जास्तच धरतो.

ओलीचा आकडा कसा पडतो ते पाहा. सर्व्हेअर दोन टोकदार पिनांचे छोटे यंत्र प्लास्टरला टेकवतो. यंत्र दोन पिनांमधला विजेचा विरोध मोजते. भिंत ओली असेल तर विरोध कमी आणि आकडा जास्त. पण जुन्या ओलीने प्लास्टरमध्ये क्षार साठलेले असतील तर भिंत बरीच वाळल्यावरही आकडा जास्तच येतो. सर्व्हेअर फरशी उचलत नाही, प्लास्टर फोडत नाही. त्यामुळे त्याच्या लिहिण्याचा अर्थ 'इथे शंका आहे' एवढाच. कारण शोधणे तुमच्याकडे राहते.

आधी बाहेर जा. वरच्या पन्हळीत पाने अडकून पाणी भिंतीवरून ओघळते आहे का? भिंतीवर हिरवट पट्टा असेल तर बहुधा तेच. मग खाली पाहा. भिंतीत जमिनीलगत ओल अडवणारा थर असतो. बाहेरची माती किंवा फरसबंदी त्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवी. वर्षानुवर्षे वाफे भरत गेले, अंगणात नवी फरशी पडली की हे अंतर संपते आणि पाणी थराला वळसा घालून आत शिरते. तिसरे, लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या जाळीच्या विटा बुजल्या आहेत का ते तपासा. त्या बुजल्या की खालची तुळई कुजायला लागते, आणि खरा खर्च तिथे असतो.

या तिन्हींची दुरुस्ती फावडे, शिडी आणि एका दिवसाच्या मजुरीत होते. फुकट तपासणी करून भिंतीत रसायन भरण्याचे अंदाजपत्रक देणाऱ्यांना त्याआधी बोलावू नका. तपासणी फुकट असते ती पुढचे काम मिळावे म्हणून. फी घेऊन फक्त अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ गाठा. एक मात्र लक्षात घ्या, भिंत सावकाश वाळते. ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच जाडी. आज पन्हळ साफ केली आणि पुढच्या आठवड्यात सर्व्हेअरला परत बोलावले तर यंत्र तोच आकडा दाखवेल. घाई असेल तर दुरुस्तीची पावती आणि तज्ज्ञाचा अहवाल होम रिपोर्टसोबत ठेवून बाजारात या. घेणाऱ्याला ओलीची भीती वाटते त्याहून अधिक खर्च किती येईल हे न कळण्याची वाटते.

प्रश्न : क्वेश्चनेअरमध्ये 'माहीत नाही' लिहिले तर संशय येईल का? मागच्या मालकाने केलेल्या बदलांचे कागद आमच्याकडे नाहीत.

उत्तर : खरोखर माहीत नसेल तर तेच लिहा. चुकीचे 'नाही' त्यापेक्षा कितीतरी महाग पडते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर टीए ६ नावाचा असाच अर्ज भरून घेतो. त्यात जपानी नॉटवीड या तणाविषयी ठामपणे 'नाही' लिहून नंतर भरपाई मोजावी लागलेली प्रकरणे आहेत. झाड दिसत नाही म्हणजे मूळ नाही असे होत नाही.

शेजाऱ्याशी झालेला वाद, कौन्सिलची नोटीस, पूर आलेला असल्यास तो, लाकडाच्या कीड-बुरशीवर केलेले उपचार आणि त्यांची हमीपत्रे, सामाईक जिन्याचा खर्च, हे सगळे आठवून लिहा. स्कॉटलंडमध्ये भिंत पाडली किंवा खोली वाढवली असेल तर बिल्डिंग वॉरंट (कामाची आधी घेतलेली परवानगी) आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला विचारला जाईल. कागद नसतील तर कौन्सिलच्या नोंदीत शोध घ्यायला सॉलिसिटरला आताच सांगा. बोली आल्यावर शोधाशोध सुरू केली तर व्यवहार तिथेच अडून बसतो.

प्रश्न : आमचा फ्लॅट ग्लासगोच्या चार मजली टेनेमेंटमध्ये आहे. छपराच्या दुरुस्तीचे बहुमताने ठरले आहे, पण काम सुरू व्हायचे आहे. त्याआधी घर विकले तर पैसे कोणी द्यायचे?

उत्तर : क्वेश्चनेअरमध्ये हे ठरलेले काम स्पष्ट लिहा, कागदही जोडा. २००४ च्या टेनेमेंट कायद्यानुसार शेजाऱ्यांपैकी कोणी किंवा फॅक्टर (इमारतीचा व्यवस्थापक) संभाव्य खर्चाची नोटीस जमीन नोंदणीत टाकू शकतो. नव्या मालकाने ताबा घेण्याच्या किमान १४ दिवस आधी ती नोंदली गेली असेल तर शेजारी वसुलीसाठी त्याच्याकडेही जाऊ शकतात. तुमची जबाबदारी त्याने संपत नाही. म्हणून घेणाऱ्याचा सॉलिसिटर बहुतेक वेळा तुमच्या वाट्याची रक्कम विक्रीच्या पैशातून बाजूला ठेवायला सांगतो. ते मान्य करणे रास्त आहे. फक्त रकमेचा आकडा आणि काम झाल्यावर उरलेले पैसे परत कधी मिळतील, हे दोन्ही लेखी घ्या.

प्रश्न : सासूबाईंचे इंग्लंडमधले घर १९८२ मध्ये घेतलेले. पॅकची सक्ती नाही, मग एजंट नेमण्याआधी काय काय जमवून ठेवावे?

उत्तर : पहिली गोष्ट, घर जमीन नोंदणीत आहे का ते सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच कागदाचे जादा पैसे घेतात. घर विकत घेतल्यावर नोंदणी करण्याची सक्ती इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वत्र १ डिसेंबर १९९० पासून लागू झाली, त्याआधी ती ठरावीक भागांपुरती होती. त्यामुळे १९८२ मध्ये घेतलेले घर नोंदलेले नसण्याची शक्यता आहे. तसे असेल तर मूळ खरेदीखते शोधा. कर्ज फिटल्यावर बँकेने ती घरी पाठवलेली असतात आणि ती कपाटात किंवा माळ्यावर जाऊन पडतात. खते मिळाली की विक्रीची वाट न पाहता नोंदणी करून घ्या. स्वतःहून केलेल्या पहिल्या नोंदणीला शुल्कात सवलत आहे.

दुसरी गोष्ट, कामांचे दाखले. १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांना फेन्साचा (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचा) किंवा कौन्सिलचा दाखला, २००५ पासूनच्या मोठ्या वीजकामाचा दाखला, बॉयलर बसवल्याचा दाखला, वाढीव बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. फेन्साची प्रत घराच्या पत्त्यावरून पुन्हा मागवता येते. एखादा कागद मिळतच नसेल तर लगेच कौन्सिलला फोन करू नका. आधी सॉलिसिटरला विचारा. अशा उणिवेसाठी विमा मिळतो, पण कौन्सिलशी संपर्क झाल्याचे कळले की विमा कंपनी सहसा नकार देते. अर्थात विमा कागदाची उणीव भरतो. भिंतीखालचे बीम नीट बसवले आहे याची खात्री तो देत नाही, ती इंजिनिअरकडूनच घ्या.

घराऐवजी लीजवरचा फ्लॅट असेल तर सर्वात आधी व्यवस्थापक कंपनीकडे एलपीई १ अर्जाची, म्हणजे लीज आणि इमारतीच्या खर्चाची माहिती भरून देण्याच्या अर्जाची, मागणी नोंदवा. उत्तराला आठवडेच्या आठवडे लागतात. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजल्यांची असेल तर अग्निसुरक्षेचे कागद आणि भाडेपट्टाधारकाचे प्रमाणपत्रही लागेल.

प्रश्न : माळ्यावर उष्णतारोधक टाकून घेतले, तरी ईपीसीत 'ई' श्रेणी आली. तक्रार करता येते का?

उत्तर : करता येते, पण आधी अहवालात छपरासमोर काय लिहिले आहे ते वाचा. तिथे 'गृहीत धरले' असा शब्द असेल तर तपासनीस माळ्यात पोहोचलाच नाही. झाकण रंगाने चिकटले असेल किंवा खाली जड कपाट असेल तर तो घराच्या वयावरून अंदाज टाकतो, आणि जुन्या घराचा अंदाज नेहमी खालचा असतो. झाकण मोकळे करा, थराची जाडी पट्टीने मोजता येईल अशी जागा ठेवा. शिफारस २७० मिलिमीटरची आहे, अनेक घरांत १०० च असतो. पोकळ भिंत भरली असेल तर हमीपत्र दाखवा, बॉयलरचा मॉडेल क्रमांक काढून ठेवा. 'ई' म्हणजे ३९ ते ५४ गुण, 'डी' ५५ पासून. काठावर असाल तर एवढ्याने श्रेणी बदलू शकते. दाखला १० वर्षे चालतो, म्हणून जुना अजून वैध असला तरी काम झाल्यावर नवा काढणे फायद्याचे ठरते.

प्रश्न : होम रिपोर्टला चार महिने झाले, घर अजून विकले नाही. नवा काढावा लागेल?

उत्तर : घर सतत बाजारात असेल तर कायद्याने नाही. १२ आठवड्यांची अट पहिल्या जाहिरातीच्या दिवसापुरती आहे. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ घर मागे घेतले असेल तर मात्र नवा लागेल. घेणाऱ्याची बँक बहुधा ताजी किंमत मागेल, तेव्हा सर्व्हेअर पुन्हा येऊन रिपोर्ट अद्ययावत करतो. त्याची फी किती, हे पहिल्याच भेटीत लेखी ठरवून घेतलेले असावे. तुम्ही ठरवले नसेल तर आता विचारा, आणि तो येण्याआधी दुरुस्त्यांच्या पावत्या एका ठिकाणी काढून ठेवा, म्हणजे त्याच फेरीत कॅटेगरीचे आकडेही बदलून घेता येतील.