आजोबांची जुनी पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करायची आहे, पण तिचं मूळपण घालवायचं नाही. काय बदलावं आणि काय राखावं?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: पेटी १९५० च्या आसपासची, खर्ज-नर (प्रत्येक पट्टीला दोन सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी पात्या), ३९ पट्ट्यांची. चेंदणीच्या जुन्या घरात माळ्यावर बरीच वर्षं पडून होती, आता घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये आणली आहे. भाता भरत नाही, पाच-सहा सूर बोलत नाहीत, एक सूर पट्टी न दाबताच वाजत राहतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "सूर नवे टाकू, पॉलिश करू, नव्यासारखी करून देतो." त्यात आजोबांची पेटीच हरवेल, अशी तुम्हाला धास्ती आहे.

धास्ती रास्त आहे. सूर, सुरांची फळी, पट्ट्या आणि लाकूड म्हणजे तुमची पेटी. चामडं, फेल्ट, भात्याचं कापड, स्प्रिंगा हा झिजणारा माल. तो खुशाल बदला. तुम्ही सांगितलेले तिन्ही दोष बहुधा याच झिजणाऱ्या मालातले आहेत. त्यासाठी ७८ सूर फेकायचं काहीच कारण मला दिसत नाही.

सगळ्यात आधी, भाता मारून बघू नका. आतली धूळ, झुरळांची घाण, चामड्याचा भुगा हवेबरोबर थेट सुरांत जाऊन बसतो. झाकण उघडा, आतले फोटो काढा, दुकानाचं लेबल, पट्ट्यांवर पेन्सिलीने लिहिलेली अक्षरं, जुन्या दुरुस्तीच्या खुणा सगळं टिपून ठेवा. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ कापड बांधून, मऊ ब्रशने धूळ सोडवत ओढून घ्या. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत जायला हवा. पुठ्ठ्यावर पेटीचा आराखडा काढून त्यात स्क्रू खोचून ठेवले की गोंधळ होत नाही.

आता भाता. सगळे स्टॉप (सुरांकडे जाणारी हवा उघडणारे-बंद करणारे खुंटे) बंद करून भाता पूर्ण भरा आणि हात सोडा. तो लगेच बसला, तर घड्यांच्या कोपऱ्यांशी ओला हात धरा. गळती गार झुळकीसारखी कळते. एक-दोन भोकं असतील तर मेंढीच्या पातळ, मऊ चामड्याचं ठिगळ पुरतं. घड्यांवरचं चामडं बोटाने दाबल्यावर कडकड वाजत असेल, तर ठिगळं लावत बसू नका, भाता नव्याने मढवा. आतला पुठ्ठा शाबूत असेल तर तोच ठेवा. चिकटवायला सरस (जनावरांच्या हाडा-चामड्यापासून केलेला चिकट पदार्थ) वापरा. एक भाग सरस दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंशांवर पातळ करायचा. उकळला की त्याची पकड जाते. फेव्हिकॉल मी इथे वापरू देणार नाही, कारण वाळल्यावर तो सहजी सुटत नाही आणि पुढच्या वेळी जोड उघडताना लाकडाचे पदर निघून येतात. सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत सरस नीट वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते.

आपोआप वाजणारा सूर. पट्टीच्या मागच्या भागाखाली चामडं लावलेली झडप असते, ती सुराचं भोक बंद ठेवते. पट्टी दाबली की मागचा भाग उचलला जातो आणि हवा सुटते. पट्टीचा मागचा भाग बोटाने हलकेच दाबून बघा. आवाज थांबला तर स्प्रिंग ढिली आहे किंवा चामडं घट्ट झालंय. थांबला नाही तर झडपेखाली कचरा आहे, चामडं कसरीने खाल्लंय किंवा फळीला बारीक चीर आहे. घट्ट झालेलं चामडं बदलण्याआधी सुईच्या टोकाने हळूहळू उकरून त्याची लव उभी करा; बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. पट्टी शेजारच्या पट्टीला घासून अडकत असेल आणि महिना जुलै असेल, तर तिला पॉलिश पेपर लावू नका. लाकूड फुगलेलं असतं, दिवाळीनंतर ते आपोआप बसतं. जुलैत घासलेली पट्टी डिसेंबरात खडखडते आणि मग तिला इलाज राहत नाही. उलट एसीच्या खोलीत लाकूड सुकतं आणि फळीचे स्क्रू सैल होऊन एका सुराबरोबर शेजारचाही कुजबुजतो. तेव्हा स्क्रू पाव फेरा आवळा. जास्त आवळलात तर जुनं लाकूड पिचतं.

न बोलणारे सूर बहुतेक वेळा मेलेले नसतात; सुराची हलणारी जीभ आणि ती ज्यात हलते ती खाच यांच्या मधे केस किंवा धूळ अडकलेली असते. पितळेला घाम लागला की हिरवट डाग पडतो, म्हणून सूर कडेने धरा. जिभेखालून पातळ, स्वच्छ कागदाची पट्टी सरकवून बाहेर ओढा. जीभ उचलायची ती कागद जाईल एवढीच. मुळाशी मुरड पडली तर सूर कायमचा बिघडतो. जिभेचं टोक खाचेपासून किंचित वर हवं. फार खाली असेल तर जोरात हवा दिल्यावर सूर गुदमरतो, फार वर असेल तर उशिरा बोलतो आणि हवा खातो.

सुरांना पितळ चकचकीत करणारं पॉलिश अजिबात लावू नका. त्यात बहुधा अमोनिया असतो आणि ताणाखालचं पितळ अमोनियाने तडकतं. ब्रिटिशांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं अशीच फुटायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये सिद्ध झालं. सुराची जीभ तर वाजताना सेकंदाला शेकडो वेळा वाकते.

मिळवून घेतल्यावरही एखादा सूर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर त्याच्या मुळाशी चीर आहे. तेवढाच बदला, शक्यतो मोडीत निघालेल्या जुन्या पेटीतला, त्याच रुंदी-जाडीचा. काढलेला सूर नंबर लिहिलेल्या पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

पट्टी, म्हणजे सगळ्या पेटीची स्वरपातळी, चढवण्याच्या मोहाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मूळ आवाज सगळ्यात जास्त इथेच जातो. जुन्या बऱ्याच पेट्या आजच्या ४४० हर्ट्झपेक्षा खाली मिळवलेल्या असतात; ४३५ वर असेल तर फरक सुमारे २० सेंट्सचा (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सूर चढवायला टोकाशी, उतरवायला मुळाशी पितळ खरवडावं लागतं. सगळी पेटी २० सेंट्स चढवायची म्हणजे ७८ जिभा टोकाशी पातळ करायच्या. तो धातू परत येत नाही आणि आवाजाचा भरीवपणाही जातो. घरात तबला आणि तानपुऱ्याबरोबर वाजवणार असाल तर याची गरजच नाही. तबला पेटीशी मिळवता येतो, इलेक्ट्रॉनिक तानपुराही. बासरी किंवा कीबोर्डची साथ असेल तरच अडचण आहे, आणि तेव्हा दुसरी पेटी घेणं मला जास्त योग्य वाटतं. म्हणून सूर फक्त आपापसांत मिळवा. साफसफाईनंतर आठ-पंधरा दिवस पेटी वाजू द्या, मग हे काम करा. सूर फळीवर जागच्या जागी आणि भाता नेहमीच्या दाबाने चालवत तपासायचा. बाहेर काढून फुंकलेला सूर वेगळाच ऐकू येतो.

पॉलिशचं उत्तर सोपं आहे. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश. त्यावर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही नवी पॉलिशं मारू देऊ नका आणि सॅनिटायझरने पेटी कधीही पुसू नका. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, आणि उघड्या पडलेल्या जागी लाखेचा पातळ हात, एवढं पुरे. आजोबांच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्यांना नवं प्लास्टिक चढवू नका. जुन्या पांढऱ्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असू शकतात. त्या थिनरने विरघळतात आणि पटकन पेट घेतात, म्हणून हीटगन त्यांच्या जवळही नको.

दुरुस्तीवाल्याकडे पेटी देताना कागदावर लिहून घ्या: कोणते सूर बदलणार त्यांचे नंबर, काढलेला प्रत्येक भाग परत, चिकटवायला सरस, पट्टी चढवायची नाही, पॉलिश विचारल्याशिवाय नाही. "सूर सगळेच गेलेत" असं म्हणाला तर तुमच्यासमोर फळी उघडून तीन सूर दाखवायला सांगा. दाखवायला तयार नसेल तर पेटी घरी घेऊन या आणि दुसरा कारागीर शोधा.